साडेचार चादरी

रायफल आली ती शेंगांच्या पोत्यात,
लातूरच्या एस.टी.तून, तुकड्यातुकड्यांनी.
विकणाऱ्यानं ती खोलून धुतली होती
आणि परत जोडायचा कंटाळा केला होता,
म्हणून अर्ध्या किमतीत.
ती अर्धीही अम्माच्या भिशीतून.

विडी घरकुलातली आमची पुढची खोली दहा बाय बारा.
अम्मानं सूप सरकवलं, भिजवलेली पानं भिंतीशी लावली.
नायनांनी मोराची चादर अंथरली,
सेकंडची, एका कडेला मोराला पायच नाहीत.
तिच्यावर मी एकेक मांडत गेले.
नळी. दस्ता. चाप. दट्ट्या.
स्प्रिंग, जिला हात लावायला आम्ही दोघंही बिचकलो.
बारीक भोकाची चकती, जिच्यातून पाहायचं.
आणि बशीत अकरा स्क्रू.

शेजारची येल्लव्वा दारात येऊन उभी.
"बंदूक? पोरीला? ह्यानं मरतं काय?"
अम्मा पान कापता कापता म्हणाली,
"कागद."

नायना एकतीस वर्षं जॉबर.
शेडमधला कुठला माग आजारी आहे
हे त्यांना फाटकातूनच कळायचं,
धोटा किंचित उशिरा परतला तरी.
डावा कान मागांनी केव्हाच नेला,
उजव्याचं थोडं उरलंय, तेही रविवारपुरतं.
मी कागदावरचं चित्र पाहून घाई करायची
आणि ते माझ्या मनगटावर बोट ठेवायचे.
"आगु."
शाळेत मी मराठीत थांबायची,
घरी मला तेलुगूतच थांबवावं लागायचं.

"बसत नाही ते बसवायचं नसतं," म्हणाले,
"कुठं अडतंय ते विचारायचं."
विचारलं. दोन रात्री विचारलं.
तिसऱ्या रात्री दस्ता नळीला असा भिडला
की मधे विडीचा दोराही गेला नसता.
बशीत पाहिलं, तर एक स्क्रू शिल्लक.
चित्रात तो नव्हता. यंत्रात त्याला जागा नव्हती.
नायनांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला.
प्रत्येक मागातून एक उरतोच, म्हणाले,
आणि माग चालतोच.

नेमाला दहा मीटर लागतात.
आमचं अख्खं घर, मोरी धरून, सहा.
टेप नव्हता. नायनांनी हिशोब केला:
नव्वद इंची चादर, म्हणजे साडेचार चादरींना जरा कमी.
मग सुट्टीच्या दिवशी मालकाला विचारून
शेडमधल्या बोळात, बंद मागांच्या दोन रांगांमधून,
खऱ्याच चादरी पसरत गेलो टोकापर्यंत,
शेवटची अर्धी दुमडून.
तिकडच्या भिंतीला रुईचं पोतं,
पोत्यावर अम्मानं आणलेलं लेबल, हत्ती छाप.
हत्तीचा डोळा धरायचा ठरला.

बंद मागांची शांतता मी कधी ऐकली नव्हती.
नायनांना ती रोजचीच.
त्यांनी तळवा माझ्या पाठीवर ठेवला,
माग सुरू करण्याआधी चौकटीवर ठेवायचे तसा.
श्वास गेला. अर्धा आला. थांबला.
ह्या वेळी कुणी आगु म्हणालं नाही.

हत्तीला धक्काही नव्हता.
छर्रा खाली, लेबलवरच्या किमतीवर बसला होता,
ज्वारीच्या दाण्याएवढं भोक.
अम्मा जवळ जाऊन बघत राहिली.
हजारामागे तिला काय मिळतं ते ती बोलली नाही.
"जागा वाईट नाही," एवढंच.

परत येताना चादरी घड्या घालत
नायनांनी विचारलं,
"आवाज कसा आहे गं?"
मी शोधत राहिले.
धोटा आपटल्यासारखा? नाही.
दार लागल्यासारखा? नाही.
"अम्मा कात्रीनं पान कापते ना,
तसा. फक्त एकदाच."

ते थांबले, खिशातला स्क्रू चाचपला,
आणि अम्माच्या हातांकडे पाहू लागले
जणू तिथून काही ऐकू येईल.